जिना उपलब्ध होता

वर्तमानपत्रातला तो फोटो दादारावने आधी सवयीप्रमाणे फायरवाल्याच्या नजरेनं पाहिला. शिडी जरा जास्तच उभी लागली होती, तिचं बूड भिंतीपासून आणखी हातभर तरी लांब हवं होतं. उतरणाऱ्या जवानाच्या पाठीवर श्वासाचा संच नव्हता. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली सुटून लोंबत होता. खिडकीतून धूर निघत होता, त्यावरून आत अजून कागद जळत असावेत. जवानाने खांद्यावर एक बाई आडवी घेतली होती, ती मात्र रीतीप्रमाणे बरोबर घेतली होती. दादाराव फोटोवरून पुढं जाणार, तेवढ्यात त्याला साडीचा काठ दिसला. काळ्या-पांढऱ्या छपाईतसुद्धा त्या काठावरच्या चौकडी ओळखू येत होत्या. ती साडी त्याने स्वतः नागपूरला इतवारीतून घेतली होती, दोन वर्षांपूर्वी. बाईचं तोंड पलीकडे होतं. हात दिसत होता. त्या हाताने जवानाची कॉलर मुठीत धरली होती, इतकी घट्ट की मागून त्याची मान उघडी पडली होती. दादारावने चहाचा कप खाली ठेवला. स्वयंपाकघरात त्याची बायको कमल मुलीला, मनीषाला, काहीतरी सांगत होती आणि मनीषा नेहमीप्रमाणे हिंदीत उत्तर देत होती.

"आग लागली होती ऑफिसात," काल संध्याकाळी कमल म्हणाली होती. "शिडीनं उतरलो आम्ही सगळ्या."

तो कानपूरहून एका डेपोची तपासणी करून आठच्या सुमारास लखनौला परतला होता. इंदिरा नगरच्या वळणावर रिक्षा सोडली तेव्हाही त्याला काही ठाऊक नव्हतं. कमलने केस धुतले होते, चष्मा लावलेला नव्हता, आणि ती पोळ्या लाटत होती. हे ऐकल्यावर तो घाबरला खरा, पण घाबरणं आणि चौकशी करणं त्याच्या अंगात इतक्या वर्षांनी एकच झालं होतं. कुठून लागली, किती वेळात गाड्या आल्या, पाणी पुरलं का, असं तो विचारत गेला आणि ती सांगत गेली. कूलरच्या वायरनं लागली, खसची ताटी पेटली, तिथून रेकॉर्डची बासनं. पाच जणी आत होत्या. कुणाला काही झालं नाही. "खाली वाकून निघालात ना?" त्याने विचारलं होतं, आणि ती "हो" म्हणाली होती. त्याला तेव्हा जरा अभिमानसुद्धा वाटला होता. आता त्याला कळत होतं की 'उतरलो आम्ही सगळ्या' या अनेकवचनात ती स्वतः कुठंतरी लपून बसली होती. पाच जणींतल्या चौघी उतरल्या होत्या. एकीला उतरवलं होतं.

त्याने पेपर घडी करून ठेवला. अर्ध्या तासाने शेजारच्या सरोजभाभी आपला अंक घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "भाई साहब, कमल भाभी तो मशहूर हो गईं." कमलने फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, परत दिला. "धुरात काही समजलंच नाही हो," ती म्हणाली, आणि हे ती सरोजभाभींना म्हणाली, त्याला नाही. तो विचारेल म्हणून ती थांबली असावी. त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर तिथंच मिटलं असतं, पण काही गोष्टी माणूस मिटवत नाही, कारण त्यांना चघळण्यात एक कडवट चव असते.

दुसरा कुणी नवरा असता तर त्याने फोटोत एवढंच पाहिलं असतं की आपली बायको वाचली. दादारावचं दुर्दैव हे की त्याला ती उचल येत होती. नागपूरच्या फायर कॉलेजात त्याने ती शेकडो वेळा केली होती, आधी वाळूच्या पोत्यांवर, मग एकमेकांवर. गुडघ्यावर बसायचं, माणसाला पोटापाशी आपल्या खांद्यावर घ्यायचं, एक हात त्याच्या पायांमधून घालून त्याचं मनगट धरायचं आणि उठायचं. म्हणजे दुसरा हात शिडीला मोकळा राहतो. कोणता हात कुठं असतो, वजन कुठं येतं, उचललेल्या माणसाचा श्वास कोणत्या बाजूने मानेवर लागतो, हे त्याला पाठ होतं. त्यामुळे तो ऑफिसात बसलेला असो की न्हाणीत अंगावर पाणी घेत असो, ती उचल त्याच्या डोळ्यांसमोर एकेक पायरी खाली येत राही. त्याला ती थांबवता येत नसे. आणि प्रत्येक वेळी त्याचा स्वतःचा डावा खांदा आतून ठणकू लागे.

तो खांदा हिंगणघाटला गेला होता. फायरमन म्हणून तिसरंच वर्ष, जिनिंगमधल्या कापसाची आग. कापूस वरून विझलेला दिसतो आणि आत दोन दोन दिवस धुमसत राहतो. असल्याच एका विझलेल्या गंजीपाशी तो उभा असताना छपराच्या तुळयांची कैची खाली आली. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. मग परीक्षा दिल्या, केंद्रातली जागा मिळाली, बदली होत होत लखनौ आलं, आणि दादाराव गजभिये आग विझवायचा तो आग लागू नये म्हणून कागद लिहू लागला. वाळूच्या बादल्या मोजल्या, आग विझवायच्या नळकांड्यांच्या तारखा पाहिल्या, जिन्याखालचं सामान हलवायला लावलं, जवानांसाठी कवायतीची एक पुस्तिका लिहिली. कार्यालयात त्याला सगळे 'गजबिये साहब' म्हणत आणि नावातल्या 'गजब'वर हसत. त्याच्या तपासणीमुळे कुठं कुठं आग लागली नाही, हे कुणाला सांगता येणार? न लागलेल्या आगीचा फोटो छापून येत नाही. हे तो विनोदाने म्हणत असे. आता त्यातला विनोद निघून गेला होता. लग्न झालं तेव्हा खांदा असाच होता. कमलने कधी त्याबद्दल शब्द काढला नाही. सिलिंडर तीच सरकवायची, मनीषा लहान असताना झोपलेल्या पोरीला रिक्षातून घरात तीच उचलून आणायची, आणि तो पुढं होऊन कुलूप उघडायचा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कमल गच्चीवर कपडे वाळत घालायला हात वर करून उभी होती, तेव्हा त्याला चोळी आणि साडी यांच्या मधल्या जागेत तो डाग दिसला. निळसर, कडेने पिवळा पडत चाललेला, तळहाताएवढा. "हे काय लागलं?" त्याने विचारलं. "खिडकीला लागलं असेल," ती म्हणाली आणि पदर ओढून घेतला. खिडकीच्या चौकटीचा वण कसा असतो आणि खांद्याच्या हाडाचा कसा, हे तिने त्याला सांगावं? तो खाली आला. त्या दिवसापासून त्याला तिच्या प्रत्येक शब्दाखाली दुसरा शब्द ऐकू येऊ लागला. ती भाजी चिरताना मध्येच थांबली की तो समजे, ती तिथं आहे. ती हसली तर कशाला हसली, गप्प राहिली तर कुणासाठी. "तुम्ही काय शोधून राहिले माझ्या तोंडाकडे?" तिने एकदा विचारलंही. तो म्हणाला, "काही नाही, दमलेली दिसतेस." रेडिओ लागला की त्याला वाटे, तिला गाणं हवंय, म्हणजे ती सुखात आहे. बंद केला तर वाटे, तिला विचार करायला शांतता हवी आहे. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. सकाळी अगरबत्ती लावताना त्याला तिथं उभं राहायची लाज वाटे. मन शुद्ध ठेवा, असं तो दर चौदा एप्रिलला लखनौतल्या पंधरा-वीस मराठी घरांसमोर भाषणात सांगत आला होता.

आठव्या दिवशी, रविवारी दुपार कलल्यावर, तो मागच्या बाजूला बादलीने कूलरमध्ये पाणी भरत होता. फाटक वाजलं. आतल्या खोलीच्या जाळीतून त्याला कमल बाहेर जाताना दिसली आणि फाटकापाशी खाकी शर्टातला एक माणूस दिसला, पाठमोरा. ती मान त्याने लगेच ओळखली. माणसाने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली, उघडली, कमलचा चष्मा तिच्या हातात दिला. म्हणजे इतके दिवस तिचा चष्मा त्या खिशात होता. कमलने तो लावला आणि पहिल्यांदा त्या माणसाचा चेहरा नीट पाहिला, असं जाळीमागून दादारावला वाटलं. मग ती जवळ सरकून हळू आवाजात काहीतरी बोलू लागली. विनवल्यासारखं. माणूस मान हलवत होता, आधी आडवी, मग उभी. दोनच मिनिटं. दादाराव हात पुसत पुढच्या दारात आला तेव्हा बोलणं एकदम तुटलं. तुटलेलं बोलणं कळायला कान लागत नाहीत.

"हे जयसिंग भैया," कमल म्हणाली. "यांनीच उतरवलं."

जयसिंग ताठ उभा राहिला आणि त्याने सलाम ठोकला. "साहब, आपका नाम तो बहुत सुना है. आप ही की किताब से हमारे यहाँ ड्रिल होती है." तो बुटका होता, चाळिशीचा, मिशीत पांढरे केस. दादारावला उंच, तरणा माणूस चालला असता. तसल्या माणसाचा द्वेष करायला सोपं जातं. "चाय लेंगे?" त्याने विचारलं. जयसिंगला ड्यूटी होती. तो सायकलवर बसून गेला, आणि कमल भैया म्हणाली होती हे दादाराव रात्रीपर्यंत स्वतःला समजावत राहिला. पण भैया तर ती भाजीवाल्यालाही म्हणायची, आणि त्याच्याशी कुजबुजत नव्हती.

बुधवारी त्याच्या वरिष्ठांनी, लक्ष्मीकांत शुक्लांनी, त्याला बोलावलं. जयसिंगचं नाव शौर्यपदकासाठी वर जाणार होतं आणि इमारत दादारावच्या खात्याच्या देखरेखीखालची, म्हणून बचावकार्यावर एक तांत्रिक टिपण हवं होतं. "वैसे आपकी मिसेज़ का मामला है," शुक्ला फाइल हातात धरूनच म्हणाले. "चाहें तो किसी और को दे दूँ." तिथंच हो म्हणून फाइल दुसऱ्याकडे जाऊ द्यायची होती. दादारावने हात पुढे केला. "नहीं सर, मैं लिख दूँगा."

ते टिपण लिहायला त्याला दीड तास लागला आणि त्यात एक शब्द खोटा नव्हता, निदान कागदाच्या हिशेबाने नव्हता. जवान एकटा आत गेला, जोडीदार घेतला नाही. श्वासाचा संच पुढच्या जिन्यावरच्या माणसाकडे होता, त्यासाठी थांबला नाही. शिडीचा कोन चुकीचा होता. आणि मग त्याने लिहिलं: इमारतीस पाठीमागील बाजूस दुसरा जिना उपलब्ध होता. जानेवारीतील तपासणीनुसार सदर जिना मोकळा व वापरण्यायोग्य होता. अशा स्थितीत व्यक्तीस खांद्यावर घेऊन शिडीने उतरविणे हे अनावश्यक धाडस होय. 'अनावश्यक' लिहून झाल्यावर त्याच्या अंगभर एक ऊब पसरली. ती न्यायाची ऊब आहे असं त्याने ठरवलं. जानेवारीची तपासणी त्याचीच होती, खाली सही त्याचीच होती, हे त्याला लिहिताना आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि बाजूला सरकवलं. त्या दिवशी मागच्या जिन्याच्या दाराला आतून साखळी गुंडाळून कुलूप घातलं होतं आणि दाराशी बासनं रचली होती. "बंदर आ जाते हैं साहब, फाइलें फाड़ देते हैं," कमलचे साहेब म्हणाले होते. "कल ही हटवा देंगे." समोसे आले होते. कमलच्या मैत्रिणी त्याला 'जीजाजी' म्हणून चिडवत होत्या. बायकोच्या ऑफिसात कुठं कडक व्हायचं, तिलाच पुढं त्रास होईल, असा विचार करून त्याने तिथंच टेबलावर लिहून टाकलं: सूचना दिल्या, अनुपालन समाधानकारक. साखळी निघाली असेलच. निघाली नसती तर कमल बोलली नसती का? टिपण फाइलला लागलं आणि वर गेलं. पंधरा दिवसांत कळलं की जयसिंगचं नाव यादीतून गळलं. त्या रात्री दादाराव कित्येक दिवसांनी शांत झोपला. सकाळी उठल्यावर मात्र तो डाग, ती मूठ, ती मान, सगळं होतं तिथंच होतं. एखाद्याचं पदक गेल्याने त्याचा खांदा जात नाही.

जूनमध्ये जयसिंगचा निरोप आला. मलिहाबादला त्याच्या घरची दशहरीची बाग होती, आंबा उतरायला लागला होता, मॅडम आणि साहेबांनी बिटियाला घेऊन यावं. दादारावने काम आहे म्हणून पाहिलं. "जीव वाचवला त्यानं माझा," कमल म्हणाली. "एक दिवस जायला काऊन जड होते तुम्हाले?" चिडली की ती हिंगणघाटकडची बोली बोलायची. ते कैसरबागेतून बसने गेले.

बागेत सावली इतकी दाट होती की डोळे निवले. जयसिंगने खाट टाकली, बादलीत पाण्यात आंबे घातले. त्याची बायको पद्मिनी डोक्यावरचा पदर सावरत कमलला आणि मनीषाला आंब्याचा उतार दाखवायला आत घेऊन गेली. "अंकल, आपने सच में अकेले सबको बचाया?" जाता जाता मनीषाने विचारलं. "नाहीं बिटिया," जयसिंग म्हणाला. "तुम्हारी अम्मा ने बचाया. हम जब खिड़की पर पहुँचे तो चारों को फर्श पर लिटाए बैठी थीं, सबके मुँह पर गीला कपड़ा. एक-एक को खिड़की तक खुद लाईं. आखिर में उनकी बारी आई तो गिर पड़ीं." दादाराव हातातला आंबा पिळत राहिला. ओलं कापड, जमिनीलगतची हवा, हे तिला त्यानेच शिकवलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, हसत हसत, स्वयंपाकघरात तिला आडवं पाडून. तिने हे त्याला का सांगितलं नाही? जयसिंगला खोकला आला. बराच वेळ येत राहिला. तो बाजूला जाऊन थुंकला आणि परत येऊन खाटेच्या कडेवर बसला.

"साहब, एक बात कहें, बुरा न मानिएगा," तो म्हणाला. "मेडल का हमें लालच नहीं. पर ऊपर से पूछा गया है कि जब पीछे जीना था तो सीढ़ी काहे लगाई. नौकरी पर दाग लगा है. अब हम क्या जवाब दें?"

दादारावने आंबा दुसऱ्या हातात घेतला.

"आगे के जीने पर तो आग थी, हम पहिले उसी पीछे वाले जीने से गए थे, साहब. अकेले दौड़ के. दरवाज़े पर भीतर से ज़ंजीर थी, उधर से औरतें पीट रही थीं. काटने का सामान नीचे गाड़ी में. तब लौट के सीढ़ी लगाई, फिर किसका इंतज़ार करते." तो थांबला. "आपको तो मैडम ने बताया ही होगा. उस दिन फाटक पर बोलीं, भैया, ज़ंजीर की बात बयान में मत लिखवाना, साहब की सही है उस कागज़ पर, नौकरी चली जाएगी. हमने ज़बान दे दी. अब ज़बान तो ज़बान है. आप बड़े जानकार आदमी हैं, बीच का कोई रास्ता हो तो बताइए."

पानांतून ऊन खाली गळत होतं. दादारावच्या मनगटावरून रस कोपरापर्यंत ओघळला होता, तो पुसायचं त्याला सुचलं नाही. त्याने इतके दिवस ज्या गुपितावर संशय घेतला ते गुपित होतंच. दोघांत होतंच. ते त्याच्याबद्दल होतं. त्याला ओशाळं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण त्याच्याखाली अजून ती जुनी जळजळ होती, उलट वाढलेली. या माणसाने तिला उचललं ते उचललं, वर तिचा शब्दही पाळला. आपल्यासाठी. आता आपल्याला याचा हेवा करण्यापुरतीही जागा त्याने ठेवली नाही. "देखता हूँ," एवढंच तो म्हणाला.

परतीच्या बसची वाट पाहत ते सडकेच्या कडेला आंब्याची टोपली घेऊन उभे होते. मनीषा थोडी पुढं जाऊन बस दिसते का बघत होती. "साखळी काढलीच नव्हती," दादाराव म्हणाला.

कमलने त्याच्याकडे पाहिलं, मग बागेच्या दिशेने. "नाही काढली."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुमच्या सहीपायी आम्ही पाच जणी मरत होतो, असं सांगू? आधीच तो खांदा घेऊन तुम्ही काय काय मनात धरून बसता. वाटलं, जीव वाचला ना, जाऊ द्या. मी खांद्यावरून आले म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, पडेपर्यंत आत का थांबलीस, अन् गोष्ट साखळीपाशी आली असती. म्हणून म्हटलं, शिडीनं उतरलो."

त्याने टोपली खाली ठेवली. मग त्याने तिला टिपणाचं सांगितलं. कशासाठी लिहिलं तेही सांगितलं, आडवळण न घेता, फोटोपासून डागापर्यंत. सांगताना त्याला वाटत होतं ती रडेल किंवा ओरडेल. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "त्या माणसाच्या घरचं जेवून आलो आपण," ती म्हणाली. बस आली तेव्हा ती मनीषाजवळ जाऊन बसली.

सोमवारी त्याने शुक्लांसमोर नवा कागद ठेवला. जानेवारीत दाराला साखळी होती, ती न काढताच आपण समाधानकारक लिहिलं, आगीच्या दिवशी जिना बंद होता, जवानाने आधी तोच रस्ता धरला होता आणि शिडीशिवाय त्याला इलाज नव्हता. माझे आधीचे टिपण दिशाभूल करणारे आहे. शुक्लांनी दोनदा वाचलं. "गजबिये जी, आदमी तो बच गए थे. कोई पूछ भी नहीं रहा था," ते म्हणाले. "पहला नोट वापस तो होगा नहीं. नोट के ऊपर नोट चढ़ता है."

"तो चढ़ा दीजिए," दादाराव म्हणाला.

पदकाची तारीख उलटून गेली होती. जयसिंगला पदक मिळालं नाही ते नाहीच, त्याच्यावरचा ठपका मात्र पुसला गेला आणि एक प्रशस्तिपत्र मिळालं. कमलच्या साहेबांची बदली झाली. दादारावला ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी हुकूम मिळाला, चौकशी पुरी होईपर्यंत निलंबन. त्याने टेबलाचे खण रिकामे केले आणि भर दुपारी घरी आला. दुसरा शनिवार त्याच्या ऑफिसात कामाचा असे, कमलच्या ऑफिसला सुट्टी. ती ओसरीत बसून डाळ निवडत होती. जून-जुलै ती त्याच्याशी गरजेपुरतं बोलली होती. तिने हुकूम वाचला, घडी घातली, आणि म्हणाली, "होऊ द्या. माझा पगार आहे." मग जरा सरकून तिने त्याला बसायला जागा केली.

तो बसला. आता त्याच्याकडे ना ऑफिस होतं ना फाइल, आणि एवढं सगळं होऊनही ती एक गोष्ट शिल्लक होतीच. निलंबनाने ती गेली नव्हती, कबुलीनेही नाही. ती इतकी लहान होती आणि इतकी खोल होती की विचारताना त्याचा आवाज पोरासारखा निघाला.

"त्या शिडीवर तुला काय वाटलं?"

कमलचे हात थांबले. ती टाळेल असं त्याला वाटलं, टाळावं असंही वाटलं. ती समोरच्या फाटकाकडे बघत राहिली.

"बरं वाटलं," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू. खिडकीपर्यंत मीच सगळं करत होते. एकीला ओढा, दुसरीला गप्प करा, तोंडावर कापड धरा. घरात करते तसंच. माझी पाळी आली तेव्हा पायात जीव नव्हता. त्यानं उचललं, अन् मग मला काहीच करायचं नव्हतं. डोळे उघडे होते, धूर दिसत होता, खाली लोक ओरडत होते. भीती नाही वाटली. वाटलं, आता कुणीतरी नेतंय. असं मला कधी वाटलं नव्हतं. लग्नाआधीबी नाही."

दादारावने मान हलवली.

"मग?" त्याने विचारलं.

"मग जमीन आली," कमल म्हणाली.

त्या शब्दांत जी हळहळ होती ती त्याने नीट ऐकली, आणि या खेपेला न ऐकल्यासारखं केलं नाही.